खाज आणि लाज

पोटुशी बाईच्या अंगाला सुटणारी खाज हा काही मराठी शिकवणाऱ्या माणसाने बोलायचा विषय नव्हे, असे तुम्हांला वाटेल. एके काळी मलाही तसेच वाटे. म्हणून तर माझ्या घरात ही गोष्ट पंधरा दिवस नुसती हसण्यावारी गेली. ती चूक माझी होती, आणि निदान ती सांगण्याचा अधिकार तरी मला आहे.

२०११ सालचा पावसाळा. आम्ही तेव्हा महाबळेश्वरात राहत होतो, आणि मी रोज एसटीने पसरणीचा घाट उतरून वाईला शिकवायला जात असे. महाबळेश्वरचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: वर्षाकाठी सव्वादोनशे इंचांच्या आसपास पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भिंतींना ओल, गाद्यांना ओल. धुतलेले लुगडे चार-चार दिवस वाळत नाही. चुलीवर दोरी बांधून वाळवावे, तर धुराचा वास. अशा हवेत खाज कोणाला सुटत नाही? पायाच्या बोटांत चिखल्या, मांडीला गजकर्ण, हे तिथे घरोघर.

पत्नीला आठवा महिना होता. ती रात्री उठून बसे आणि तळपाय पलंगाच्या कडेवर घाशीत राही. विचारले तर म्हणे, “काही नाही हो, जरा खाज सुटलीय.” मी म्हणालो, डास असतील. आई म्हणाली, “अगं, पोटातल्या बाळाला केस फुटाय लागलं की आईला खाज सुटतीच. जावळ दाट येणार बघ!” आम्ही सगळे हसलो. तीही हसली. पण रात्री पुन्हा उठून बसली.

पुढे एक दिवस नर्सबाई तपासायला आल्या. हातावरचे ओरखडे पाहून त्यांनी विचारले, “पुरळ कुठं आहे?” पुरळ कुठेच नव्हते. मग त्यांनी आणखी विचारले: खाज तळहातांना आणि तळपायांना जास्त आहे का? रात्री वाढते का? लघवी गडद होते का? तिन्हींना ‘हो’ आल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. “सर, उद्या साताऱ्याला घेऊन जा. रक्त तपासायचंय. परवा नको, उद्याच.” एम.ए. झालेल्या माणसाला पंधरा दिवसांत जे सुचले नाही, ते त्या बाईंना दोन मिनिटांत दिसले.

रक्तात निघाले ते असे. आपल्या यकृतात पित्त तयार होते आणि ते आतड्यात उतरते. काही बायकांत गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा प्रवाह मंदावतो आणि पित्तातली आम्ले रक्तात साठू लागतात. त्यामुळे खाज सुटते, पण अंगावर काही उठत नाही. आईच्या जिवाला याचा सहसा धोका नसतो. खाज मात्र झोप घालवते. काळजी असते ती पोटातल्या बाळाची. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतल्या बायकांच्या नोंदी एकत्र करून काढलेला निष्कर्ष आला. पित्ताम्लांचे प्रमाण रक्ताच्या लिटरमागे १०० मायक्रोमोल किंवा त्याहून जास्त झाले, तर मूल पोटात दगावण्याचा धोका स्पष्ट वाढतो. त्याहून कमी असेल, तर तो फारसा वाढत नाही. म्हणजे घाबरून जायचे कारण नाही, पण तो आकडा माहीत हवा. आणि तो खाजवून कळत नाही, रक्त तपासूनच कळतो. एकदा तपासून भागतही नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासावे लागते.

आमच्याकडे डॉक्टरांनी सदतिसाव्या आठवड्यात बाळंतपण करून घेतले. मुलगी झाली, धडधाकट झाली. आठवडाभरात खाज गेली. (जावळ म्हणाल तर विरळच होते. आई त्याचा विषय काढत नाही.)

आता सगळीच खाज अशी नसते, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर उद्या सकाळी सगळा तालुका साताऱ्याच्या रस्त्याला लागेल. पोट वाढते तशी कातडी ताणते आणि कोरडी पडते. तिथे खाज येणे साहजिक आहे. खाजवल्याने पोटावर रेघा पडतात असे म्हणतात, ते खरे नाही. त्या ताणाने पडतात. पहिलटकरणीला कधी शेवटच्या आठवड्यांत पोटावरच्या त्या रेघांवर लाल, उंचवटे आलेले पुरळ उठते, बेंबीभोवतीची जागा तेवढी सुटते. फार छळते, पण बाळाला त्रास नाही, बाळंतपणानंतर जाते.

याला उपाय साधे आहेत. थंडी वाजते म्हणून आपण कढत पाणी अंगावर घेतो. महाबळेश्वरी माणसाला कोमट म्हटले की राग येतो, पण कढत पाण्याने कातडी आणखी सुकते. कोमट पाणी घ्या, साबण कमी लावा आणि अंग ओलसर आहे तोवर खोबरेल चोळा. लोकरीचा कपडा उघड्या अंगाला लागू देऊ नका, आत सुती घाला. नखे कापा. खाज असह्य झाली तर ओला गार फडका ठेवा. दवाखान्यात ते गुलाबी कॅलामाइन मिळते, तेही चालते.

खरूज मात्र वेगळी. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, रात्री खाज, आणि घरात दोघा-तिघांना एकदम, असे असेल तर ती खरूज समजा. तिचे गरोदर बाईला चालणारे औषध डॉक्टर देतात. ते घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचे असते. सासऱ्यांनी “मला काय झालंय?” म्हणून लावले नाही, की महिन्याने पुन्हा सगळे खाजवत बसतात. आणि दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणून लावणे तेवढे टाळा. पुष्कळ ट्यूबांत स्टिरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, मग गजकर्ण दुप्पट पसरते.

बाळंतिणीच्या खोलीविषयी थोडे बोलतो. ऊब हवी, यात वाद नाही. पण दारे-खिडक्या लावून आत शेगडी पेटवली, वर ओव्याची धुरी घातली, की त्या धुराने तान्ह्याची छाती भरते. कोळशाचा विषारी वायू तर वासही येऊ न देता जीव घेतो. लंगोट आणि दुपटी दुसऱ्या खोलीत, शेगडीवर टोपले पालथे घालून वाळवा आणि पूर्ण वाळल्यावरच वापरा. बाळाला कानटोपी, दोन झबली आणि वर गोधडी असे गुंडाळले, तर ऐन पावसाळ्यातही घामोळे येते. मग बाळ रडते, आणि आपण म्हणतो दृष्ट लागली.

माझे खरे बोलणे दोघांशी आहे. एक, सासूबाईंशी. सून “आत्या, जरा खाज सुटलीय” म्हणते, तेव्हा त्या ‘जरा’वर जाऊ नका. खाज ही तक्रार सांगायला हलकी वाटते. पोटात दुखले तर बाई सांगते, खाजेचे सांगायला लाजते. दुसरे, शिक्षकांशी. वाडीवस्तीवर लोक अजून तुम्हांला विचारतात. ‘पुरळ नाही, तळहात-तळपायांना खाज, रात्री जास्त’ एवढे शब्द जरी तुमच्या तोंडून चार घरांत गेले तरी पुष्कळ झाले. बाळाची हालचाल कमी वाटली, तर मात्र खाज असो वा नसो, त्याच घटकेला दवाखाना गाठायचा.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. आशाताईंना विचारा, १०२ ची गाडीही त्या बोलावून देतील. नवऱ्याने बरोबर जावे. खाज कधीपासून, कुठे, हे कागदावर लिहून न्यावे, कारण डॉक्टरांपुढे बसल्यावर बाई “आता बरं आहे” म्हणते, हा माझा अनुभव. आधीच्या खेपेला हा पित्ताचा त्रास झाला असेल तर तेही लिहा, कारण तो पुन्हा होऊ शकतो. आमच्याकडे दुसऱ्या खेपेला झालाच, पण तेव्हा पत्नीने तिसऱ्या दिवशीच रक्त तपासून घेतले.

आणि तापोळ्यापलीकडच्या, कांदाटी खोऱ्यातल्या ज्या मंडळींना शिवसागर ओलांडून यायचे आहे, त्यांनी लाँचची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवावी. वारा सुटला की ती निघत नाही.