सांधेवाला

यावल गांवास रेल्वे नाहीं. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मध्यें केळीचे मळे. तेथील घड आगगाडीवर चढवावयाचा तर नदी ओलांडून भुसावळ गांठावें लागतें, नाहीं तर सावदा, निंभोरा, रावेर यांपैकीं एखाद्या स्थानकाची वाट धरावी लागते. या स्थानकांनीं पिढ्यान्‌पिढ्या केळ्यांच्या वाघिणी दिल्लीकडे रवाना केल्या आहेत. केळें कोणासाठीं थांबत नाहीं. वाघीण यार्डांत अडकून पडली कीं मालकाच्या पदरीं काळें पडलेलें फळ येतें. भुसावळास मुंबईची वाट फुटते, एक अकोल्यावरून नागपूरकडे आणि दुसरी खांडव्यावरून इटारसीकडे. तेथील सांधे कोण फिरवितो, याविषयीं यावलच्या बागाइतदारास उदासीन राहून कसें चालेल?

असाच एक सांधेवाला मोठमोठ्या बँकांच्या यंत्रघरांत रात्रपाळी करीत असतो. त्याच्या सांध्यांवरून मालगाड्या जात नाहींत, लोकांच्या खात्यांचे आंकडे जातात. बँकेचा हिशेब करणारें मेनफ्रेम यंत्र एकीकडे आणि तो हिशेब सांठविणाऱ्या डिस्का दुसरीकडे. या दोहोंच्या मध्यें जीं जोडयंत्रें बसविलेलीं असतात, त्यांस स्विच म्हणतात. मेनफ्रेमच्या घरांत त्यांतील थोरल्या यंत्रांस 'डायरेक्टर' असें भारदस्त नांव आहे. नांव मालकाचें, काम सांधेवाल्याचें!

पूर्वी हे सांधे नव्हतेच. आय. बी. एम. कंपनीनें १९६४ सालीं 'सिस्टिम ३६०' हें यंत्रकुल जाहीर केलें, तेव्हां यंत्र आणि डिस्क यांना मनगटाएवढ्या जाड तांब्याच्या केबली जोडीत. त्यांची मजल चारशें फुटांच्या पलीकडे जात नसे. १९९० सालीं त्याच कंपनीनें कांचेच्या तंतूंतून प्रकाशानें निरोप धाडण्याची 'एस्कॉन' पद्धति आणली व तिजबरोबर डायरेक्टर आला. त्या दशकाच्या अखेरीस तिची जागा अधिक वेगवान 'फायकॉन'नें घेण्यास प्रारंभ झाला. आतां डिस्का दुसऱ्या इमारतींत, दुसऱ्या उपनगरांतही ठेवतां येऊं लागल्या.

इतर संगणकांच्या जगांत नवा पाहुणा आला कीं स्विचला विचारतो, 'अमुक डिस्क कोठें आहे?' आणि स्विच त्यास पत्ता सांगतो. मेनफ्रेमचा स्वभाव निराळा. तो वाटेंत कोणास पत्ता विचारीत नाहीं. कोणत्या क्रमांकाच्या स्विचवर, कितव्या पोर्टावर कोणतें साठवणयंत्र आहे, हें सारें त्याच्या वहींत अगोदरच लिहून ठेवावें लागतें. म्हणजे वह्या दोन झाल्या, एक मेनफ्रेमची आणि एक स्विचची. त्या दोन्ही शब्दशः जुळल्या पाहिजेत. स्विचचा क्रमांक एका अंकानें जरी बदलला, तरी केबल शाबूत, डिस्क शाबूत, आणि तरीही मेनफ्रेमला ती सांपडत नाहीं. म्हणून हा क्रमांक कायमचा बांधून टाकतात. मेनफ्रेमची वही ठेवणारा आणि स्विचची वही ठेवणारा हे पुष्कळदा दोन निराळ्या खात्यांतले असतात व एकमेकांशीं फारसें बोलत नाहींत, ही या धंद्यांतली जुनी अडचण आहे.

रेल्वेवाल्यांस सहज पटेल अशी एक गोष्ट येथें आहे. पुढच्या स्थानकानें 'लाइन क्लिअर' दिल्यावांचून गाडी सुटत नाहीं. तसेंच पलीकडच्या पोर्टावर जितके रिकामे कप्पे असतील तितकेच निरोप अलीकडून सोडतात; एक कप्पा मोकळा झाल्याची खूण आली कीं पुढचा सुटतो. प्रकाशास कांचेंतून एक किलोमीटर जाण्यास सुमारें पांच मायक्रोसेकंद लागतात. अंतर वाढलें कीं खूण परत येण्यास उशीर होतो, आणि कप्पे थोडे असल्यास मोकळा मार्गही रिकामाच पडून राहतो.

एका साठवणयंत्राकडे मेनफ्रेमहून आठपर्यंत वाटा नेतां येतात. त्या दोन वेगळ्या स्विचांवरून वांटून नेलेल्या असल्या कीं एक बंद पडला तरी काम चालूं राहतें. दुरुस्तीच्या वेळीं शहाणा सांधेवाला प्रथम मेनफ्रेमला सांगून ती वाट रीतसर बंद करवितो, उरलेल्या वाटा चालूं आहेत हें डोळ्यांनीं पाहतो, आणि मगच केबलीस हात लावतो. हें लिहिण्यास सोपें आहे. पहाटेच्या झोपेंत तें पाळणें कठीण.

सिंगापूरच्या डी. बी. एस. बँकेंत २०१० सालीं काय घडलें तें पाहण्यासारखें आहे. शनिवारीं, ३ जुलै रोजीं, तिच्या मेनफ्रेमला जोडलेल्या साठवणयंत्रांतील एका जोडणीविषयीं इशारा आला. काम कोठेंच अडलें नव्हतें. देखभाल करणाऱ्या आय. बी. एम.च्या माणसानें केबल बदलली, परंतु पद्धत वापरली ती प्रमाण नव्हती. इशारे थांबेनात. सोमवारीं, ५ जुलै रोजीं, पहाटे तीनच्या सुमारास तेंच काम पुनः हातीं घेतलें आणि सारी बँक बंद पडली. पैसे देणारीं यंत्रें मुकीं झालीं. सकाळीं दहाच्या सुमारास व्यवहार पुनः सुरू झाले. दोष एका जोडणीचा होता, बंद पडल्या सगळ्या वाटा. साधा दोष काढतांना योग्य रीत पाळली गेली नाहीं, हें आय. बी. एम.नें पुढें स्वतःच मान्य केलें. ऑगस्टांत सिंगापूरच्या नाणेखात्यानें बँकेस सुमारें २३ कोटि सिंगापूर डॉलर जादा भांडवल अडकवून ठेवावयास लावलें.

परदेशांतील अशा यंत्रांची देखरेख आज पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून केली जाते, आणि तेथें खानदेशांतून शिकून गेलेले तरुणही असतात. ज्या बँकेची वाट ते राखतात तेथें कदाचित् दुपार असते, इकडे मध्यरात्र. यावलला घरीं आईनें विचारलें, 'काम काय करतोस रे?' तर उत्तर देणें कठीण. भुसावळच्या सांधेवाल्याचें नांव घेतलें, तर मात्र तिला तें लगेच कळेल.