तालमीतली शारदा



संगीत नाटकावर बोलण्यासाठी आम्हांला बोलावले, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आमचे आयुष्य मोर्चे, मजुरीचे दर आणि कचेरीतल्या तारखा यांत गेले. शाळा थोडी झाली; पुढचे शिक्षण हँडबिले आणि कोणाकोणाची मागून आणलेली पुस्तके वाचून झाले. तरी हा विषय आम्ही आनंदाने घेतला. गेल्या पावसाळ्यात येथल्या विद्यार्थ्यांनी ‘संगीत शारदा’ बसवायला घेतले आणि तालमींसाठी संघटनेच्या कचेरीची ओसरी मागितली. त्यामुळे रोज संध्याकाळी आम्ही आयतेच प्रेक्षक झालो. प्रयोगाविषयी जाणकार बोलतातच. आम्ही तालमीविषयी बोलणार आहोत.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा साकी, दिंडी, लावणी या लोकांच्या कानांतल्या चाली त्यांनी नाटकात घेतल्या. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल हे तालीममास्तर म्हणून नावाजले. त्यांचे ‘शारदा’ १८९९ साली आले. कथा आपणांस ठाऊक आहे. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ या म्हाताऱ्याला द्यायला निघतो, भद्रेश्वर दीक्षित दलाली करतो, आणि कोदंड नावाचा तरुण त्याविरुद्ध उभा राहतो. पुराणातले राजे बाजूला सारून देवलांनी शेजारच्या घरातली गोष्ट मांडली.

पण ते घर ब्राह्मणाचे. आमची मुले बहुतेक वारल्यांची. ‘यांना हे कसे जमणार? यांनी तारपा नाचावा,’ असे एक गृहस्थ आम्हांला म्हणाले. तारपा नाचावाच, पण पाहुणे आले की नाचून दाखवणे एवढेच मुलांच्या वाट्याला का यावे? शिवाय तारप्याने त्यांना अगोदरच पुष्कळ शिकवलेले आहे. वाजवणारा मध्ये, बाकीच्यांची साखळी त्याच्याभोवती, आणि वाद्याला कोणी पाठ दाखवायची नाही. ज्याला हे येते त्याला नांदीत एकमेकांचा सूर ऐकून गायला फार सांगावे लागत नाही. शारदेचे काम करणाऱ्या मुलीचा आवाज वर चढेना, तेव्हा पेटीवाल्या मास्तरांनी पट्टी दोन सूर खाली आणली. कारखान्यात माणसाने यंत्राच्या गतीने चालायचे असते. येथे वाद्य माणसासाठी खाली आले. आम्हांला ते फार आवडले.

नकला पाठ झाल्या, तरी कांचनभट जमेना. बाप असा वागतो हेच त्या मुलाला पटेना. मुली विचारू लागल्या, “लग्न भटजीच का लावतो? आमच्यात धवलेरी लावते.” खरेच आहे; वारल्यांचे लग्न गाणी म्हणत लावते ती धवलेरी, एक बाई. ओसरीवर बसलेल्या एका मुलाच्या आजाने मग आपल्या बापाची हकीकत सांगितली. लग्नासाठी सावकाराकडून रुपये घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या घरी राबायचे. याला लग्नगडी म्हणत. हिशेब सावकाराच्या वहीत, म्हणून कर्ज जन्मभर फिटत नसे. १९४५ साली टिटवाळ्याच्या किसान परिषदेनंतर हे लोक उठले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला येथून जवळच तलवाड्यास गोळीबार होऊन माणसे पडली. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सारे आले आहे.

आजा बोलायचा थांबला तेव्हा ओसरीवर कोणी हलले नाही. दुसऱ्या दिवशी कांचनभट उभा राहिला तो निराळाच. तिकडे मुलगी विकली जात होती, इकडे नवरानवरी दोघेही. व्यवहार एकच, हे त्याला उमगले होते. घोकंपट्टीने नक्कल पाठ होते; अर्थ असा चारचौघांत बसून सापडतो. तालमीचे मोल आमच्या मते हेच.

आता दुःखाची गोष्ट. दिवाळी झाली आणि कोदंड गेला. त्याच्यामागून नांदीतली दोन मुले गेली. आईबापांनी वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतली होती. कोदंडाच्या घरी ती घेतली होती थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी! वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. पण लग्नाच्या पैशासाठी अंग बांधून देणे अजून संपलेले नाही. भट्टीवरची माणसे पावसाच्या तोंडाशी परततात. तोपर्यंत नाटक थांबले आहे. दुसरा कोदंड उभा करा असे सुचवणारे भेटले. मुलांनी ते नाकारले. त्याची नक्कल तशीच ठेवली आहे.

आपण महालक्ष्मीच्या यात्रेला हौसेने खर्च करणारे लोक आहात. आमचे मागणे लहान आहे. पाऊस पडला की तालमी पुन्हा सुरू होतील. संध्याकाळी ओसरीवर येऊन बसा. ज्यांचे आईबाप भट्टीवर जातील त्या मुलांना गावातच ठेवून घेण्याची सोय करा. आणि दिवाळीपूर्वी गावात काम निघावे म्हणून आम्ही अर्ज घेऊन येऊ, तेव्हा त्यावर सह्या करा. एवढे झाले, तर पुढच्या वसंतात या व्यासपीठावर आमचे भाषण नको. मुलांची ‘शारदा’ होऊ द्या.