द्रव-स्फटिक आणि कर्करोगाची चाहूल
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



'तुझ्या विषयातलं, पण सगळ्यांना कळेल असं सांग,' अशी संयोजकांची आज्ञा आहे. म्हणून आज लिक्विड क्रिस्टल, म्हणजे द्रव-स्फटिकांविषयी बोलतो. नाव जड असलं तरी वस्तू ओळखीची आहे. कॅलक्युलेटरच्या पट्टीवर आणि एलसीडी टीव्हीच्या पडद्यावर तेच काम करतात.

१८८८ साली रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ जणू दोनदा वितळताना दिसला. १४५.५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो निवळला. मधली ती गढूळ अवस्था म्हणजे द्रव-स्फटिक. आपल्या देशात या विषयाचा पाया घातला तो शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी. ते नागपूर विद्यापीठाचे एम.एस्सी. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत १९७७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रव-स्फटिक जगात प्रथम दाखवले.

आता याचा कर्करोगाशी काय संबंध? आपल्या खाचरातलं तयार भात आठवा. वाऱ्याबरोबर सगळ्या लोंब्या एकाच बाजूला झुकतात. द्रव-स्फटिकातले लांबट रेणूही असेच एका दिशेला कललेले असतात. फरक एवढाच, की इथे प्रत्येक रेणू शेजाऱ्याचा कल उचलतो. त्यामुळे तळाशी जरा गडबड झाली, की तिचा परिणाम हजारो थर वरपर्यंत पोहोचतो.

१९९८ साली अमेरिकेत निकोलस अ‍ॅबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गुणाचा उपयोग प्रथिनं ओळखण्यासाठी करून दाखवला. काचेवर विशिष्ट प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडं बसवायची. त्यावर नमुना सोडायचा, काच धुवायची आणि द्रव-स्फटिकाचा पातळ थर द्यायचा. वर-खाली आडव्या-उभ्या धरलेल्या दोन पोलरायझर पट्ट्यांतून पाहायचं. रेणू काचेवर ताठ उभे असतील तर सगळं काळं दिसतं. प्रथिन पकडलं गेलं असेल तर रेणूंची शिस्त मोडते आणि तिथून उजेड येतो.

रूढ एलायझा चाचणीत प्रथिन सापडल्याचं कळण्यासाठी त्याला रंग देणारी दुसरी खूण, म्हणजे 'लेबल', चिकटवावी लागते. मग पुन्हा धुणं, थांबणं आणि मोजणारं यंत्र. द्रव-स्फटिकाच्या पद्धतीत ही खूणच लागत नाही. तैवानमधल्या संशोधकांनी अंडाशयाच्या कर्करोगाशी निगडित सीए-१२५ हे प्रथिन अशा रीतीने ओळखून दाखवलं आहे.

पण मित्रहो, ही चाचणी अजून प्रयोगशाळेतच आहे. रक्तात असंख्य प्रकारची प्रथिनं असतात. नको ते प्रथिन काचेला चिकटलं तरी उजेड दिसू शकतो. शिवाय सीए-१२५ पोटाच्या क्षयातही वाढतं, मासिक पाळीतही वाढू शकतं. म्हणजे चाचणी अचूक असली तरी 'प्रथिन वाढलं म्हणजे कर्करोग झाला' असं म्हणता येत नाही. उद्या कुणी 'एका थेंबात कर्करोग ओळखा' अशी जाहिरात केली, तर हे आठवा.

तरीही या संशोधनाची दिशा मला मोलाची वाटते. जितक्या पायऱ्या कमी, तितकी चाचणी गावाच्या जवळ येते. हे मुंबईत एकदा सिद्ध झालं आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या जणींची गर्भाशयमुखाची तपासणी साध्या व्हिनेगरने, म्हणजे सौम्य अ‍ॅसिटिक आम्लाने, केली. दोषी पेशींचा भाग त्याने पांढरा पडतो आणि डोळ्यांना दिसतो. तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पांढरा डाग दिसल्याने कुणी वाचलं नाही. डाग दिसल्यावर पुढचे उपचार झाले म्हणून जीव वाचले. टाटा मेमोरियलचंच केंद्र आज आपल्या जिल्ह्यात, खारघरला आहे. नागोठणे, वडखळ, पेण, पनवेल करत तिथे पोहोचता येतं. पण रोजंदारी बुडवून, सोबतीला कुणी नसताना जाणाऱ्या बाईला तो रस्ता फार लांबचा असतो.

म्हणून माझी विनंती आहे. तिशी ओलांडलेल्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात समाविष्ट आहे. आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज सुप्रभात पाठवतो, तसं एकदा 'तपासणी केलीस का?' असंही विचारूया. कुणाला पुढे पाठवलं गेलं, तर आपल्यापैकी एकाने त्यांच्यासोबत गाडीत बसावं. प्रयोगशाळेतली काच इथवर यायला वेळ लागेल. सोबत मात्र आजच देता येईल.