घरच्या संघाची हुर्यो

क्रीडांगणावर जमलेल्या समुदायाला दोन प्रकारचे आवाज काढतां येतात. एक टाळ्यांचा व जयजयकाराचा, दुसरा हुर्योचा. पहिल्याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. दुसरा आवाज पाहुण्या संघाच्या वांट्याला आला, तर तो आतिथ्याला शोभत नाहीं, एवढें म्हणून पुष्कळजण थांबतात. परंतु तोच आवाज आपल्याच शहराचें नांव छातीवर मिरविणाऱ्या खेळाडूंवर उठूं लागला, म्हणजे निराळाच प्रश्न उभा राहतो. घरच्या संघाची हुर्यो घरच्याच प्रेक्षकांनीं करावी काय? आणि करावयाचीच झाली, तर ती केव्हां व कोणाची करावी?

मुंबईकरांच्या दृष्टीनें हा प्रश्न नुसता पुस्तकी राहिलेला नाहीं. १ एप्रिल २०२४ च्या संध्याकाळीं तो वानखेडे मैदानावर प्रत्यक्ष उभा राहिला होता. त्या वर्षींच्या इंडियन प्रीमियर लीग स्पर्धेंतील मुंबई इंडियन्सचा घरच्या मैदानावरचा तो पहिला सामना. समोर राजस्थान रॉयल्स. नाणेफेकीसाठीं मुंबईचे नवे कर्णधार हार्दिक पांड्या पुढें आले मात्र, आणि सज्जांतून हुर्यो सुरू झाली. ती इतकी वाढली, कीं नाणेफेकीचें सूत्रसंचालन करणारे संजय मांजरेकर या मुंबईच्याच माजी कसोटीवीराला प्रेक्षकांना नीट वागण्याची सूचना जाहीरपणें द्यावी लागली. पुढें मुंबईचे पहिले चार गडी अवघ्या २० धांवांत बाद झाले. वीस षटकांत ९ बाद १२५ एवढीच मजल संघाला मारतां आली, आणि राजस्थाननें सहा गडी राखून सामना जिंकला.

या रोषाचें कारण उघड होतें. रोहित शर्मा यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईनें २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पांच वेळां ही स्पर्धा जिंकली होती. डिसेंबर २०२३ मध्यें संघाच्या चालकांनीं त्यांना दूर करून कर्णधारपद हार्दिक यांना दिलें. हार्दिक कांहीं परके नव्हते. या स्पर्धेंतील त्यांची कारकीर्द मुंबईकडूनच सुरू झाली होती. मध्यंतरीं दोन वर्षें ते गुजरात टायटन्सचे कर्णधार होते, व त्यांतील पहिल्याच वर्षीं, २०२२ सालीं, त्यांनीं त्या संघाला विजेतेपद मिळवून दिलें होतें. परंतु प्रेक्षकांच्या मनांत त्या वेळीं हा हिशेब नव्हता. आपला आवडता नायक पदावरून उतरला आणि त्याच्या जागीं दुसरा बसला, एवढेंच त्यांना दिसत होतें.

आतां हुर्यो करणाराची बाजू प्रथम ऐकून घेतली पाहिजे, कारण ती अगदींच निराधार नाहीं. तो म्हणतो, "पदरचे पैसे मोडून तिकीट काढलें आहे, तेव्हां नापसंती दाखविण्याचा हक्कही त्यांतच आला." मराठी माणसाला हा युक्तिवाद नवा नाहीं. ज्या प्रेक्षकानें संगीत नाटकांतील पदाला 'वन्स मोअर' मागून गायक नटाला पुन्हां पुन्हां गावयास लावलें, त्यानेंच बेसूर गाणाराला शिट्या वाजवून गप्पही बसविलें. त्याचें दुसरें म्हणणें असें, कीं संघ खासगी मालकीचा असल्यामुळें प्रेक्षकाला त्याच्या कारभारांत मत नाहीं. आवाज हेंच त्याचें मत. आणि तिसरें म्हणणें सर्वांत मार्मिक आहे. ज्याचें प्रेम नाहीं, तो रागावत नाहीं. तो घरीं बसतो. हुर्यो ही प्रेमाचीच उलटी बाजू होय.

हे तीनही मुद्दे विचार करण्याजोगे आहेत. तथापि नाटकगृह व क्रीडांगण यांत एक मोठा भेद आहे. रंगभूमीवर नटाचा प्रतिपक्षी उभा नसतो. नट पडला, तर त्यामुळें दुसऱ्या कोणाचा विजय होत नाहीं. मैदानावर प्रतिपक्षी समोर असतो, आणि घरच्या प्रेक्षकांची हुर्यो नेमकी त्याच्या पथ्यावर पडते. घरच्या मैदानावर खेळण्यांत लाभ असतो, आणि त्या लाभांत प्रेक्षकांचाही हात असतो. मे २०२० मध्यें, करोनाच्या सांथींत, जर्मनींतील फुटबॉलचे सामने रिकाम्या मैदानांवर पुन्हां सुरू झाले, तेव्हां यजमान संघांचा हा नेहमींचा लाभ कमी झाल्याचें अभ्यासकांना आढळून आलें. त्याचें एक कारण पंचांवरील दडपण नाहींसें झालें हें होतें. तें असो; समुदायाचा आवाज ही मैदानावरील एक शक्ति आहे, इतकें त्यावरून खास सिद्ध होतें. ती शक्ति आपल्याच माणसाविरुद्ध वापरणाराला निदान तिचें भान असावें.

परंतु केवळ लाभहानीवर या प्रश्नाचा निकाल लावणें बरोबर होणार नाहीं. न्यायाची कसोटी लाविली पाहिजे. खेळाडूचे दोष स्थूलमानानें तीन प्रकारचे असतात: अपयश, कुचराई आणि अप्रामाणिकपणा. पैसे घेऊन सामना हरणारा खेळाडू सहानुभूतीला पात्र नाहीं. त्याची हुर्यो झाली, तर तक्रार करण्याचें कोणाला कारण नाहीं. कुचराई करणाराला बोल लावणेंही अन्यायाचें नव्हे. खरी अडचण अशी, कीं सज्जांत बसलेल्या माणसाला कुचराई व अपयश यांतील फरक सहसा ओळखतां येत नाहीं.

याचें उदाहरण त्याच वानखेडे मैदानावर घडलेलें आहे. डिसेंबर २००५ मध्यें सचिन तेंडुलकर यांनीं आपलें ३५ वें कसोटी शतक पुरें करून सुनील गावसकर यांचा विक्रम मागें टाकला. त्यानंतर पुरते चार महिनेही लोटले नव्हते, तोंच मार्च २००६ मधील इंग्लंडविरुद्धच्या कसोटी सामन्यांत, २१ चेंडू खेळून अवघ्या एका धांवेवर ते बाद झाले. तंबूकडे परततांना प्रेक्षकांच्या एका गटानें त्यांची हुर्यो केली. मुंबईच्या मैदानावर, मुंबईच्या मुलाची! सामना इंग्लंडनें २१२ धांवांनीं जिंकला, आणि लगेच तेंडुलकरांना खांद्यावर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. ज्या खांद्याला शस्त्रक्रियेची गरज होती, त्या खांद्याचें दुखणें पन्नासाव्या रांगेंतून कसें दिसावें? प्रेक्षकाला फलक दिसतो. खेळाडूचें शरीर व मन दिसत नाहीं. म्हणून अपयशाला शिक्षा देण्याची घाई त्यानें करूं नये.

याच्या उलट जाणारें एक उदाहरण दूरदेशचें आहे. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराचे प्रेक्षक हुर्योसाठीं फार प्रसिद्ध. १९६८ सालीं त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलच्या एका सामन्यांत त्यांनीं नाताळबाबाचा वेष घेतलेल्या तरुणाचीही हुर्यो करून त्याला बर्फाच्या गोळ्यांनीं झोडपलें होतें. त्याच शहराच्या बेसबॉल संघानें ट्रे टर्नर या खेळाडूशीं अकरा वर्षांसाठीं ३० कोटी डॉलरांचा करार केला. २०२३ च्या हंगामांत त्याचा खेळ पार बिघडला, आणि प्रेक्षकांची हुर्यो त्याच्या वांट्याला आली. पण ऑगस्टच्या आरंभीं त्या शहराला एक सुबुद्धि सुचली. टर्नर खेळावयास येतांच सारें मैदान उभें राहिलें आणि प्रेक्षकांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. त्यानंतर त्याचा खेळ झपाट्यानें सुधारला. टाळ्यांनींच तो सुधारला, असें छातीठोकपणें म्हणतां येणार नाहीं. खेळाडूचे वाईट दिवस आपोआपही सरतात. परंतु त्यानें जाहिरातींचे फलक लावून शहराचे आभार मानले. हुर्योबद्दल कृतज्ञता व्यक्त करणारा खेळाडू मात्र फारसा ऐकिवांत नाहीं.

हुर्योचा आणखी एक दोष असा, कीं ती कोठें थांबावी हें तिचें तिला कळत नाहीं. १३ मार्च १९९६ रोजीं कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना चालू होता. श्रीलंकेच्या २५१ धांवांना उत्तर देतांना भारताची स्थिति १ बाद ९८ होती, ती पाहतां पाहतां ८ बाद १२० झाली. निराश प्रेक्षकांनीं मैदानांत बाटल्या फेंकल्या, सज्जांत आगी लाविल्या. अखेर सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनीं सामना श्रीलंकेला बहाल केला. विनोद कांबळी नाबाद असूनही रडत रडत मैदानाबाहेर पडले. त्या रात्रीं भारताला उरलेला डाव खेळण्याचा हक्कसुद्धां घरच्याच प्रेक्षकांनीं घालविला. प्रत्येक हुर्योचा शेवट जाळपोळींत होतो असें नाहीं. परंतु नापसंतीला मर्यादा नसली, म्हणजे ती कोणत्या थराला जाते, हें त्या रात्रीं दिसून आलें.

मग प्रेक्षकानें आपली नापसंती गिळून टाकावी काय? मुळींच नाहीं. तिला योग्य पत्ता मात्र पाहिजे. २०२४ मध्यें मुंबईच्या प्रेक्षकांचें दुःख खरें होतें; चुकला तो पत्ता. कर्णधार बदलण्याचा निर्णय चालकांचा, आणि त्याचा मार सोसला खेळाडूनें. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार. विशेष हें, कीं ज्यांच्या कैवारासाठीं ही हुर्यो चालली होती, त्या रोहित शर्मांनींच १ एप्रिलला क्षेत्ररक्षण करतां करतां प्रेक्षकांना हातानें खूण करून थांबविण्याचा प्रयत्न केला. दहा दिवसांनीं त्याच मैदानावर प्रतिपक्षाकडून खेळणाऱ्या विराट कोहली यांनींही तेंच केलें. खेळाडूंना जें कळलें, तें प्रेक्षकांना कळावयास हवें होतें.

चालकांवर राग असेल, तर तो दाखविण्याचे मार्ग अनेक आहेत. माद्रिद येथें सांतियागो बेर्नाबेऊ मैदानावर प्रेक्षक पांढरे रुमाल हलवून आपला निषेध नोंदवितात; व्यवस्थापकांना तो बरोबर समजतो. तिकीट न काढणें हा दुसरा मार्ग. रिकाम्या खुर्च्यांची भाषा चालकांना लवकर कळते. खेळाविषयींच असंतोष असेल, तर शांत बसणें पुरेसें आहे. हजारों लोकांनीं भरलेलें मैदान गप्प झालें, म्हणजे त्याचा अर्थ खेळाडूला समजावून सांगावा लागत नाहीं. आणि सर्वांत उदात्त मार्ग चेन्नईच्या चेपॉक मैदानानें ३१ जानेवारी १९९९ रोजीं दाखविला. तेंडुलकरांच्या १३६ धांवांनंतरही भारत पाकिस्तानकडून अवघ्या १२ धांवांनीं हरला. तेव्हां प्रेक्षक उभे राहिले, आणि मैदानाला फेरी घालणाऱ्या पाकिस्तानी संघाला त्यांनीं टाळ्यांची सलामी दिली. त्यांत आपल्या संघाचा अपमान नव्हता. खेळ आपल्या हारजितीहून मोठा आहे, ही त्या टाळ्यांतील जाणीव होती.

हार्दिक पांड्या यांच्या कथेचा उत्तरार्ध सर्वांच्या स्मरणांत असेल. त्या हंगामांत मुंबई चौदांपैकीं दहा सामने हरून दहा संघांत तळाला गेली. मग २९ जून २०२४ रोजीं बार्बाडोस येथें विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या चार षटकांत २६ धांवा हव्या असतां हार्दिक यांनीं क्लासेन यांना बाद केलें. अखेरच्या षटकांत १६ धांवा हव्या होत्या, आणि चेंडू पुन्हां हार्दिक यांच्याच हातीं होता. त्यांच्या पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमार यादव यांनीं सीमारेषेवर मिलर यांचा अवघड झेल घेतला, आणि भारत सात धांवांनीं जिंकला. ४ जुलै रोजीं विजयी संघ वानखेडेवर आला, तेव्हां तेथील समुदाय हार्दिक यांच्याच नांवाचा गजर करीत होता. तीनच महिन्यांपूर्वीं तेथें त्यांची हुर्यो झाली होती.

पुष्कळांना यांत प्रेक्षकांचा पश्चात्ताप दिसला. असेलही. परंतु येथें एक प्रश्न स्वतःला विचारून पाहण्यासारखा आहे. सीमारेषेवरचा तो झेल सुटून चेंडू पलीकडे पडला असता, आणि भारत हरला असता, तर एप्रिलमधील हुर्यो न्याय्य ठरली असती काय? अर्थातच नाहीं. ती चूक होती, ती झेल घेतला गेला म्हणून नव्हे; ती मुळांतच निरपराध्यावर होती म्हणून. जो समुदाय पराजयांत हुर्यो करितो व विजयांत गजर करितो, त्याचे दोन्ही आवाज सारख्याच मोलाचे, म्हणजे धांवफलकावरील आंकड्यांचे प्रतिध्वनि.

वानखेडेच्या सज्जांत वडिलांच्या शेजारीं बसलेलीं लहान मुलें असतात. खेळाचे नियम तीं पुस्तकांतून शिकत नाहींत; हरलेल्या माणसाकडे कसें पाहावें, हें तीं शेजारच्या माणसाच्या तोंडाकडे पाहून शिकतात. उद्यां तींच मुलें परीक्षेंत, नोकरींत, संसारांत केव्हां तरी पहिल्या चेंडूवर बाद होणार आहेत. तेव्हां घरच्या माणसांकडून काय अपेक्षावें, याचा धडा त्यांना त्या संध्याकाळीं मिळालेला असतो. घरचा संघ याचा अर्थच असा, कीं जेथें हरून परत येतां येतें, तें घर. लबाडाला तेथें जागा नसावी, आळशाला जाब विचारावा, चालकांना त्यांची चूक सुनवावी. परंतु झटून हरलेल्याला त्या घराचें दार बंद असूं नये.