दाखल्याबरोबर मूलही पोहोचले पाहिजे
(मोहोळ येथे भरलेल्या तालुक्यातील मुख्याध्यापक व शिक्षकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



 अध्यक्षीय भाषणात शिक्षणाच्या सगळ्याच प्रश्नांना हात घालायची प्रथा आहे. मी आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. गावातली शाळा संपवून मूल हायस्कूलला जाते, तेव्हा त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या सोबतीला कोण असते?

पहिलीच्या प्रवेशाचा आपण सण केला आहे. २०२२ पासून शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात, आयांचे गट होतात, जूनमध्ये प्रवेशोत्सव होतो. कुठे बैलगाडीतून मिरवणूक निघते, कुठे गुलाबाचे फूल हातात देऊन मुलाला वर्गात नेतात. हे सगळे उत्तम आहे, ते चालू राहावे. पण तेच मूल सात वर्षांनी हायस्कूलच्या दारात येते तेव्हा काय होते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. बापाच्या मोटारसायकलवर मागे बसून ते येते. दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत. लिपिकाच्या खिडकीपुढे रांग. ‘आधारची झेरॉक्स कुठाय?’ हा नव्या शाळेने त्याला विचारलेला पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, ‘सेमी का मराठी?’ बाप मुलाकडे बघतो, मूल बापाकडे बघते, आणि पुढच्या तीन वर्षांचे गणित-विज्ञान कोणत्या भाषेतून शिकायचे हे त्या खिडकीपुढे उभ्या-उभ्या ठरते.

हा सांधा असा का राहिला, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. एके काळी आपल्या गावांत सातवी म्हणजे शेवटच होता. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास झाला की माणूस गुरुजी होई. हायस्कूल असे ते शहरात, आणि तिथे जाणे म्हणजे परगावी राहणे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. आपल्या जिल्ह्यात बार्शीला कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनीही बोर्डिंगपासूनच कामाला हात घातला. या माणसांना एक गोष्ट पक्की कळली होती. खेड्यातल्या मुलाला नुसता वर्ग देऊन भागत नाही. त्याला दोन वेळचे जेवण लागते, अंथरूण लागते, आणि संध्याकाळी ‘आज काय झालं रे?’ असे विचारणारे माणूस लागते. पुढे हायस्कुले गावागावांत आली, घरून जाऊन-येऊन शिकता येऊ लागले. हा फार मोठा फायदा झाला. पण वसतिगृहातले ते विचारणारे माणूस कमी झाले, आणि त्याच्या जागी आपण कुणाला नेमले नाही.

मग शिक्षण हक्क कायदा आला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने आठवीपर्यंतचे शिक्षण प्राथमिक मानले. आपल्याकडची जुनी घडी मात्र चौथी, सातवी, दहावी अशी. काही जिल्हा परिषद शाळांना पाचवी जोडली, काहींना आठवी. परिणाम असा की एकाच तालुक्यात कुणी चौथीनंतर शाळा बदलतो, कुणी पाचवीनंतर, कुणी सातवीनंतर, तर कुणी आठवीनंतर. त्यामुळे या बदलाची जबाबदारी कुणाच्याच नावावर पक्की लागत नाही. नियमाप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी. नववीचे हायस्कूल या कायद्याच्या कक्षेत येत नाही. पोषण आहार आठवीपर्यंत, मोफत पुस्तकेही आठवीपर्यंत. म्हणजे शेतमजुराच्या घरात नववीच्या जूनमध्ये दुपारचा डबा आणि पुस्तकांचा खर्च हे दोन्ही बरोबरच येऊन पडतात. याची कल्पना त्या घराला आधी कुणी दिलेली असते का? बहुतेक ठिकाणी नाही.

इथे आपल्याच घरातली एक गोष्ट बोलली पाहिजे. एप्रिल-मे महिन्यात हायस्कूलचे शिक्षक उन्हातान्हात गावोगाव फिरतात. का फिरतात, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पट कमी झाला की संचमान्यतेत पद जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतो. ती भीती खरी आहे, तिला मी नावे ठेवणार नाही. दुसरीकडे प्राथमिक शाळेलाही आठवीचा वर्ग टिकवायचा असतो, म्हणून दाखला द्यायला चालढकल होते. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि दाखला अडवणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई होऊ शकते, असे शिक्षण हक्क कायद्याचे पाचवे कलम सांगते. पण कलमापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचे वाईट वाटते. शिक्षक मुलाच्या दारापर्यंत जातो, ओट्यावर बसून चहा घेतो, आणि परत येताना त्याच्या वहीत फक्त नाव आणि मोबाइल नंबर असतो. एवढ्या लांब गेलाच आहात, तर त्या मुलाला वाचताना अडते कुठे, घरी अभ्यासाला जागा आहे का, येण्या-जाण्याची सोय काय, हे विचारायला आणखी दहा मिनिटे लागतात.

आता एका मुलीबद्दल सांगते. नाव-गाव सांगणार नाही. सीनेकाठच्या वस्तीवरची. गावच्या शाळेत परिपाठ ती घ्यायची, गुरुजी नसले तर तिसरी-चौथीच्या पोरांना पाढे म्हणून घ्यायची. आठवीला हायस्कूलला आली. साठ मुलांचा वर्ग, दर तासाला नवे सर, घंटा झाली की वही मिटायची. पूर्वी एक गुरुजी तिला आतून-बाहेरून ओळखायचे, इथे सात-आठ जण तिला हजेरीच्या क्रमांकावरून ओळखू लागले. सहामाहीपर्यंत ती वर्गात तोंडातून अक्षर काढेना. गैरहजेरी वाढली. वर्गशिक्षिकेने एकदा बाजूला घेऊन विचारले तेव्हा कळले ते एवढेच: पहिली गाडी चुकली तर ती दुसऱ्या तासाला पोहोचायची, दारातच उशिराचे कारण विचारले जायचे, आणि सगळ्या वर्गासमोर उत्तर देण्यापेक्षा घरी राहिलेले बरे असे तिला वाटायचे. बाईंनी दुसऱ्या तासाच्या सरांशी बोलून ते विचारणे बंद केले, आणि मुलगी शाळेत टिकली. त्या बाईंना हे जूनमध्येच माहीत असते, तर पोरीचे पाच महिने वाया गेले नसते. तिच्या जुन्या गुरुजींना ते माहीत होते. त्यांना कुणी विचारले नाही.

म्हणून मी म्हणते, दाखल्याबरोबर मूलही पोहोचले पाहिजे. दाखल्यावर जन्मतारीख असते, जात असते, ‘वर्तणूक चांगली’ असते. मूल कशाला घाबरते, कशात रमते, चष्मा लागलाय का, ऐकायला कमी येते का, हे त्यावर नसते. ऐकण्याची, दिसण्याची किंवा अध्ययन अक्षमतेची अडचण असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. पण त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावाधाव करून मिळत नाही. ती तयारी आठवीतच सुरू व्हावी लागते, आणि आठवीच्या शिक्षकाला ते सातवीच्या शिक्षकाने सांगावे लागते.

दाखल्याचे निघालेच आहे तर कागदांबद्दलही बोलू. आपल्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांची जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने एक जून घातलेली आहे. आज तसे होत नाही, पण घोळ संपलेला नाही. जनरल रजिस्टरात बापाचे नाव दत्तू, आधारवर दत्तात्रय. मुलीचे नाव एकीकडे आजीने ठेवलेले, दुसरीकडे आत्याने. आडनावाच्या स्पेलिंगला तर धरबंधच नाही. मूल शाळेत शिकत असेपर्यंत अशी दुरुस्ती रीतसर प्रस्ताव पाठवून करता येते. शाळा सोडल्यावर तेच काम फार जिकिरीचे होते, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर गेलेली चूक पुढे आयुष्यभर छळते. सातवीच्या दिवाळीनंतर प्रत्येक मुलाच्या आईवडिलांना शाळेत बोलावून रजिस्टरची नोंद मोठ्याने वाचून दाखवा. एका दुपारचे काम आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, लांबोटीजवळ महामार्ग बंद पडला, नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. तेव्हा कागद भिजलेल्या कुटुंबांची काय अवस्था झाली, ते आपण डोळ्यांनी पाहिले. शाळेचे रजिस्टर नीट असेल तर त्या घराला निदान एक आधार उरतो.

पैशांबद्दलही पालकांना उघड आणि वेळेवर सांगा. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची, आपण जिला एनएमएमएस म्हणतो तिची, परीक्षा आठवीत असते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे आणि सातवीचे गुण पात्रतेला धरतात. म्हणजे ही गोष्ट आठवीच्या नोव्हेंबरात सांगून उपयोग नाही, सातवीच्या जूनमध्येच सांगितली पाहिजे. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत आहे, मुलांना सवलतीत आहे. २०२४ पासून हे पास थेट शाळेत देण्याची सोय एसटीने केली आहे. मुख्याध्यापकांनी यादी पहिल्याच आठवड्यात आगाराला पाठवली, तर पासासाठी बापाची एक दिवसाची मजुरी बुडत नाही.

मुलींबद्दल वेगळे बोलायलाच हवे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला दुसऱ्या गावी पाठवताना आईच्या मनात जे येते, ते ती सरांपुढे बोलत नाही. शाळेत मुलींचे स्वच्छतागृह वेगळे आहे का, त्यात पाणी आहे का, पाळी आली तर कुणाला सांगायचे, वस्तीपासून रस्त्यापर्यंत सोबत कोण, संध्याकाळची गाडी चुकली तर काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत की ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून मुलगी घरी बसते. घरी बसलेल्या मुलीला स्थळ यायला वेळ लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, आणि आपला सोलापूर जिल्हा या बाबतीत राज्याच्या सरासरीच्याही पुढे आहे. बालविवाह रोखायच्या घोषणा भिंतीवर लिहून झाल्या. आता हायस्कूलच्या एखाद्या बाईंनी मार्चमध्ये त्या गावात जाऊन आयांबरोबर अर्धा तास बसावे. सर नकोत, बाईच हव्यात.

आणखी काही मुले आपल्या नजरेतून सुटतात. आपल्या तालुक्यात टाकळी सिकंदरचा भीमा साखर कारखाना आहे, अनगरला कारखाना आहे. हंगामात बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात आणि फडाशेजारी कोप्या पडतात. त्या कोप्यांत सातवी-आठवीच्या वयाची मुले असतात, धाकट्याला सांभाळतात, मोळ्या बांधतात. ती आपल्या पटावर नाहीत म्हणून ती आपली नाहीत, असे मोहोळच्या शिक्षकाने म्हणू नये. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. ते घेऊन मूल आले तर त्याला हंगामापुरते बसवून घ्या, आणि परत जाताना काय शिकले ते त्याच पत्रकावर लिहून द्या.

शेजारच्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत काम करणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. आपल्या भागातला शिक्षक काय करू शकतो, हे जगाने पाहिले. मी आज मागते आहे ते त्याच्या मानाने फार साधे काम आहे.

परिषदेपुढे माझे मागणे असे. जानेवारीत प्रत्येक हायस्कूलने आपल्या परिसरातल्या सातवीच्या मुलांना एक पूर्ण दिवस शाळेत बोलवावे. प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान दाखवावे, आठवीच्या वर्गात बसवावे, आणि ज्या गाडीने पुढे यायचे त्याच गाडीने आणावे. पालकसभा संध्याकाळी सातनंतर घ्यावी, आणि ती गावात घ्यावी. सेमीचा निर्णय मुलाच्या सातवीच्या वर्गशिक्षकाला विचारून व्हावा, शेजाऱ्याच्या पोराकडे बघून नव्हे. जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी प्रत्येक मुलाबद्दल एक पान आपल्या हाताने लिहावे आणि ते हायस्कूलच्या वर्गशिक्षकाच्या हातात द्यावे. त्यात दोष नोंदवू नयेत, कशाने हे मूल फुलते ते लिहावे. आणि जूनचे पहिले दोन आठवडे अभ्यासक्रमाची घाई करू नये. पुस्तक पळून जात नाही.

सगळ्यात महत्त्वाचे राहिले. आज प्रत्येक केंद्रात सातवी पास झालेल्या मुलांची यादी आहे. ती यादी हायस्कुलांच्या आठवीच्या हजेरीशी जुळवून बघण्याचे काम केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापकांनी मिळून ३० जूनच्या आत करावे. जे नाव जुळत नाही, त्या घरी दोघांनी बरोबर जावे. कोणत्या शाळेचा पट वाढतो हा विचार त्या दिवशी दारातच ठेवावा.

या मागण्यांचा ठराव आपण दुपारच्या सत्रात मांडावा आणि एकमताने मंजूर करावा, अशी माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे.