'शांत बस' म्हणण्याआधी



शाळेच्या स्नेहसंमेलनात पाचवीच्या लेझीमनंतर आणि नववीच्या नाटकाआधी तुम्ही मला बोलायला उभं केलंत. पडद्यामागे दाढीमिश्या चिकटवलेली मुलं घामाघूम होऊन ताटकळली आहेत, याची मला पूर्ण कल्पना आहे. वेळेत आटोपते.

मी मुलांची डॉक्टर. बोरिवलीत दवाखाना आहे. ताप, खोकला, दमा हे रोजचंच. पण सोमवारी सकाळी एक वेगळीच तक्रार येते: पोट दुखतं. तपासावं तर पोट मऊ, लघवीचा रिपोर्ट चांगला, सोनोग्राफी चांगली. शनिवार-रविवारी दुखत नाही, सुट्टीत दुखत नाही. मग आईबाबा म्हणतात, "नाटकं करतोय, डॉक्टर." मूल बहुतेक वेळा नाटक करत नसतं. त्याला खरंच दुखतं. चाचणीची धास्ती असते, बसमधली चिडवाचिडवी असते, रात्री घरात झालेलं भांडण असतं. ते सांगता येत नाही, म्हणून पोट सांगतं. आज मला याबद्दलच बोलायचंय. राग, भीती, रडू यांचं मुलांनी काय करायचं? आणि आपण मोठ्यांनी काय करायचं?

आधी मुलांशी बोलते.

मुलांनो, राग आला म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डाला. धोका दिसला की तो क्षणात घंटा वाजवतो. छाती धडधडते, मुठी वळतात. 'थांब, जरा विचार कर' असं सांगणारा भाग कपाळामागे आहे आणि त्याची जडणघडण पंचविशीपर्यंत चालू असते. म्हणजे तुमची गाडी विरार फास्ट, पण ब्रेक अजून बसवायचं काम चालू. सरावाने हे काम सोपं होतं. त्यासाठी तीन गोष्टी सांगते.

पहिली, आत काय चाललंय ते ओळखा आणि त्याला नाव द्या. राग आधी कानशिलं तापवतो. भीतीने पोटात गोळा येतो, तळहात ओले होतात. 'मला कसंतरी होतंय' यावर थांबू नका. राग आहे की लाज? हेवा आहे, की मित्राने खेळायला घेतलं नाही याचं वाईट वाटलंय? लॉस एंजेलिसमध्ये मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला, की अमिग्डालाची खळबळ कमी व्हायची. घरी सांगायला लाज वाटली तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. नंतर पान फाडून टाकलंत तरी चालेल.

दुसरी गोष्ट श्वास. तुम्ही सगळे नॅशनल पार्कला सहलीला जाता आणि तिथून वर कान्हेरीला जाता. शंभराहून जास्त लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती खोदायला सुरुवात झाली. पुढच्या वेळी माकडांपासून डबा वाचवून झाला, की एखाद्या छोट्या लेण्यात जरा थांबा. दगडात कोरलेला ओटा दिसेल, बाहेर पाण्याची पोढी दिसेल. तिथे बौद्ध भिक्खू राहायचे, शिकायचे, ध्यान करायचे. आता बोरिवलीच्या दुसऱ्या बाजूला बघा. खाडीपलीकडे गोराईला विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट आहे. २००९ साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आत एकही खांब नाही आणि एका वेळी आठ हजार माणसं बसू शकतात. तिथे मुलांना आनापान शिकवतात. यात जप नाही, कुठल्या देवाचं नाव नाही. नाकातून श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढंच बघत राहायचं. मन पळालं तर चिडायचं नाही, परत श्वासाकडे यायचं. आपल्या राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०११ साली 'मित्र' उपक्रमाचा शासन निर्णय काढला, तो हेच शाळाशाळांतून शिकवण्यासाठी.

एवढ्याने काय होतं? श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. आपल्या शरीराची घडणच तशी आहे. पण पेपर हातात आल्यावर पहिल्यांदा करून बघू, असं म्हणाल तर जमणार नाही. ज्या दिवशी काहीच बिनसलेलं नाही, त्या दिवशी सराव करायचा. आत्ता लेझीम बघितलं ना? तो ठेका आज सकाळी बसलेला नाही.

तिसरी गोष्ट, नजर वळवा, जागा बदला. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केले. पुढ्यात एक खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, "आत्ता खाल्लास तर एक, मी येईपर्यंत थांबलास तर दोन." जी मुलं थांबली ती काही पोलादी मनाची नव्हती. कुणी डोळे झाकले, कुणी गाणं म्हटलं, कुणी पाठ फिरवून बसलं. थांबणं ही युक्ती आहे आणि युक्ती शिकता येते. भावाशी भांडण पेटलं की पाणी प्यायला उठा, जिन्यातून एक चक्कर मारून या. मोबाइलवर रागाने टाइप केलेला मेसेज लगेच पाठवू नका. दहा मिनिटांनी पुन्हा वाचा.

आणि हे नीट ऐका. शांत राहणं म्हणजे सहन करणं नव्हे. कुणी तुम्हाला मारत असेल, नको तिथे हात लावत असेल, रोज चिडवत असेल, तर राग यायलाच हवा. तो राग घेऊन ज्यांच्यावर विश्वास आहे अशा मोठ्या माणसाकडे जा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जा.

आता पालकहो, तुमच्याकडे वळते. मुलांनी हवं तर जरा वेळ कुजबुज करावी.

दवाखान्यात मी रोज बघते. मूल रडत असतं आणि आई किंवा बाबा त्याच्या दुप्पट आवाजात ओरडतात, "शांत बस!" खोलीतला सगळ्यात मोठा आवाज शांततेची मागणी करत असतो. मूल त्यातून आवाज चढवायचा, एवढंच शिकतं.

खाऊच्या मघाच्या प्रयोगाला पुढे दोन महत्त्वाच्या गोष्टींची जोड मिळाली. लहानपणी जास्त थांबणारी मुलं पुढे जास्त यशस्वी होतात, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. २०१८ साली नऊशेहून जास्त मुलांची माहिती पुन्हा तपासली, तेव्हा घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर तो संबंध फारच क्षीण निघाला. त्याआधी, रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी तीन ते पाच वर्षांच्या अठ्ठावीस मुलांना आधी चित्रकलेचं सामान देऊ केलं. "थांब, याहून चांगलं आणते," असं सांगितलं. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिलं. उरलेल्यांना सांगितलं, "अरे, नाहीये आमच्याकडे." मग खाऊचा प्रयोग केला. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडलेला पाहिलेली मुलं जेमतेम तीन मिनिटं.

हा हिशोब मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला आपण मुलाचा संयम म्हणतो, तो पुष्कळसा मोठ्यांवरचा विश्वास असतो. "रविवारी नक्की जाऊ" म्हणून आपण जात नाही. "खरं सांग, ओरडणार नाही" म्हणतो आणि खरं सांगितल्यावर ओरडतो. मग पुढच्या वेळी त्याने का थांबावं? का सांगावं?

मला तुमची ओढाताण माहीत आहे. सकाळची ८.०५ ची लोकल पकडायची, संध्याकाळी दारात लोंबकळत परत यायचं, घरी आल्यावर कुकर लावायचा आणि अभ्यासही घ्यायचा. अशा वेळी डोकं ठिकाणावर राहीलच असं नाही. तसं झालं तर मुलाला नंतर सांगा, "मी थकले होते, तुझ्यावर उगाच ओरडले." याने आईबापाचा मान कमी होत नाही. चिडल्यावर परत कसं यायचं, हे मूल त्यातून शिकतं.

आपल्या उपनगरांतली आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. वन रूम किचनमध्ये पाच माणसं राहतात. मुलाला एकट्याने रडायला कोपरा नाही. पूर्वी चाळीला गॅलरी होती, आता सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं. तेव्हा घरात खिडकीजवळची एक जागा ठरवा. तिथे कुणी बसलं असेल तर काही विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही. मात्र ती शिक्षेची जागा करू नका. आणि दोन साध्या गोष्टी आधी तपासा: मूल जेवलंय का, झोपलंय का? सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, त्यापुढच्या किशोरवयीन मुलांना आठ ते दहा. रात्री बाराला झोपून सकाळच्या शाळेला उठणाऱ्या मुलाची चिडचिड हा स्वभाव नसतो, जागरण असतं.

शिक्षकांना मी काय सांगणार! साठ मुलांच्या वर्गात तोल सांभाळणं तुम्हीच आम्हाला शिकवावं. एकच विनंती आहे. ज्याचा तोल गेला, त्याला त्याच क्षणी साठ जणांसमोर जाब विचारू नका. दहा मिनिटांनी, बाजूला घेऊन विचारा. उत्तर वेगळं मिळेल. आणि मुख्याध्यापिका बाई, जून महिन्यात प्रार्थनेनंतरची पाच मिनिटं श्वासासाठी देता आली तर बघा. शिक्षकांनीही डोळे मिटून बसायचं, नाहीतर मुलांना लगेच कळतं.

आता दोन नंबर लिहून घ्या. मुलांसाठी १०९८. आपल्याच मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतून १९९६ साली ही चाइल्डलाइन सुरू झाली. मनाच्या त्रासासाठी १४४१६, टेलिमानस. दोन्ही फुकट आहेत. फ्रिजवर लावून ठेवा. हे नंबर मुलांसाठी जितके आहेत, तितकेच आईबाबांसाठीही आहेत.

आणि शेवटचं. आज घरी जाताना रिक्षात कुणी विचारू नये, "तुझी एक स्टेप का चुकली?" त्याऐवजी विचारा, "स्टेजवर जाताना कसं वाटत होतं?" मग मध्ये न बोलता ऐका.

बक्षीस मिळालेल्यांचं अभिनंदन, न मिळालेल्यांचं जास्त कौतुक, कारण टाळ्या तेही मनापासून वाजवताहेत.  आता नाटक सुरू करा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!