सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे
(किनवट येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय आहे ज्यू स्त्रियांची श्रद्धा. काही जणींच्या मनात येईल, गाझातील आया-बहिणींसाठी डोळे भरून येत असताना हा विषय कशाला? पण एखादे सरकार जे करते, त्याचा हिशेब एका संपूर्ण धर्माच्या बायकांकडून मागायचा नसतो. प्रेषितांच्या (स.) पत्नी, उम्मुल मोमिनीन हजरत सफिया (रजि.) यांना कुणीतरी "ज्यूची मुलगी" म्हणून टोचले. तेव्हा प्रेषितांनी त्यांना सांगितले की, तुझे वडील हारून, चुलते मूसा आणि पती मुहम्मद आहेत, हे उत्तर दे. ज्या वंशाचा टोमणा मारला गेला, तोच त्यांनी सन्मानाचा केला. आपणही तिथूनच सुरुवात करू या.

ज्यू म्हटले की आपल्याला परदेश आठवतो. पण रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या परिसरात शतकानुशतके मराठी बोलणारे ज्यू राहत आले आहेत. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात. गावात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. त्यांची परंपरा सांगते की, नवगावजवळ पूर्वजांचे जहाज फुटले आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या. ग्रंथ बुडाले. मग धर्म टिकला कशावर? शनिवारची सुट्टी, सुंता, खाण्यापिण्याचे नियम, काही रोजे आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. विचार करा, यातले किती घरातले आहे! शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी दिवा लावायचा, शनिवारचे जेवण आधीच रांधून ठेवायचे, पोरांना शेमा पाठ करून घ्यायची. मौलवी-पंडित नसताना हा दीन चुलीपाशी जपला गेला. उपवासाला तेही 'रोजा' म्हणत आणि प्रायश्चित्ताच्या मोठ्या दिवसाला 'दारफळणीचा सण'.

'मलिदा' हा शब्द तर आपल्या घरातला. आपल्याकडे चपाती-गुळाचा मलिदा होतो. बेने इस्राएलांचा मलिदा भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, वेलची आणि फळांचा. नवस फेडताना, आजारातून उठल्यावर, लग्नाआधी तो करतात आणि प्रेषित एलियाहूंची आठवण काढतात. आपण त्यांनाच हजरत इलियास (अलै.) म्हणतो. संकट टळल्यावर "झाले एकदाचे" म्हणून पुढे न जाता चार माणसे बोलावून शुक्र अदा करायचा. मनाला सावरण्याची ही साधी रीत आहे.

आता दुःखाबद्दल. ज्यू धर्मात जवळचे माणूस गेले की घरचे सात दिवस शोकाला बसतात. दफन करून आल्यावरचे पहिले जेवण त्यांनी स्वतःचे खायचे नसते, शेजाऱ्यांनी आणायचे असते. बहुधा उकडलेली अंडी, मसूर. भेटायला येणाऱ्याने आधी बोलायचे नसते. दुःखी माणूस बोलेपर्यंत नुसते जवळ बसायचे. सात दिवसांनंतर तीस दिवसांचा टप्पा येतो आणि आईवडिलांसाठी वर्षभराचा. म्हणजे दुःखाला वेळ दिला आहे आणि त्यातून बाहेर यायला पायऱ्याही दिल्या आहेत.

हे आपल्याकडे नाही का? आहे. हजरत जाफर (रजि.) शहीद झाले तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांच्यावर मोठे दुःख कोसळले आहे. आणि आपण काय करतो? ज्या घरात मय्यत झाली, त्याच घरात पाहुण्यांसाठी देगची चढते. विधवा बाई इद्दतीला बसते, कुरआनने सांगितलेले चार महिने दहा दिवस. पहिले तीन दिवस घर भरलेले असते. पुढे किती जणी जातात तिच्याकडे? आणि गेलोच तर सांगतो काय? "सब्र कर, रडू नको."

बहिणींनो, सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे. हजरत याकूब (अलै.) यांनी सुंदर सब्र केला, असे कुरआन सांगते. तेच याकूब यूसुफसाठी इतके रडले की डोळे पांढरे झाले. आपले दुःख त्यांनी अल्लाहपुढे मांडले, लपवले नाही. प्रसूतीच्या कळांनी हैराण झालेल्या हजरत मरियम म्हणाल्या की, याआधीच मरण आले असते तर बरे झाले असते. त्यांना कुणी दटावले नाही. दुःख करू नकोस असा धीर मिळाला, पाणी मिळाले, खजूर मिळाले. आधी आधार आणि अन्न.

ज्यूंच्या ग्रंथात हन्नाची गोष्ट आहे. मूल नाही म्हणून ती प्रार्थनास्थळी रडत होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तिथल्या पुरोहिताला वाटले, ही दारू प्यायली आहे. तिने ठामपणे सांगितले की, मी माझे मन देवापुढे ओतते आहे. पुढे ज्यू विद्वानांनी प्रार्थना कशी करावी याचे नियम या बाईकडूनच घेतले. दुखावलेली बाई प्रार्थनेची शिक्षिका झाली!

पण नुसत्या दुआवर थांबायचे नसते, हेही याच समाजातल्या एका बाईने दाखवले. डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्राएल. लंडनहून एम. डी. होऊन आल्या आणि 1928 ते 1947 मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. मुंबईत बाळंतिणी का मरतात, याचा अभ्यास करून त्यांनी 1941 मध्ये अहवाल दिला. 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. याच डॉक्टरबाईंनी 1925 मध्ये 'ज्यूइश रिलिजियस युनियन' सुरू करण्यात पुढाकार घेतला. एका हातात श्रद्धा आणि दुसऱ्या हातात औषध. आपल्या प्रेषितांनीही (स.) उपचार घ्या असेच सांगितले आहे.

त्यांच्याही वाट्याला अपमान आला. इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएलांना 1962 च्या सुमारास लग्नासाठी आई, आजी, पणजी शुद्ध ज्यू होत्या का, याची चौकशी सोसावी लागली. त्यांनी आंदोलन केले आणि 1964 मध्ये मान्यता मिळवली. बायकांच्या वंशावर घेतलेला संशय त्यांनी मुकाट्याने गिळला नाही. सहन करणे आणि हक्क मागणे, दोन्ही सब्रच आहे.

आता आपल्या किनवटचे बोलू. मोहल्ल्यात मय्यत झाली तर पहिले जेवण शेजारच्या घरातून जावे, आणि त्या घरी देगच चढू नये. इद्दतीतल्या बाईकडे आठवड्यातून एकदा दोघीजणींनी जावे, उपदेश न करता बसावे. आणि जिची झोप उडाली आहे, जिला जगणे नकोसे वाटते, तिला फक्त ताईत बांधून परत पाठवू नका. सरकारी दवाखान्यात सोबत जा. 14416 हा टेलिमानसचा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येते. तो आत्ताच मोबाईलमध्ये ठेवा.

यासाठी निधी लागत नाही, कुणाची परवानगीही लागत नाही. लागतो तो फक्त शेजारणीच्या दारापर्यंत जाणारा पाय.

अल्लाह आपल्याला एकमेकींचा आधार बनवो. आमीन.